मिनगुरुजींची घासणी

मिनगुरुजी वारले तेव्हा शानलियान गावात रडणारे बरेच निघाले, पण फेई चाइयुन आपल्या पाण्याच्या परातीसमोरून उठलीसुद्धा नाही. बकरीचे केस हाडाच्या फणीनं विंचरत ती लेकीला म्हणाली, "सुटलो बाई एकदाचे."

"आई, मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये," यिनमेई म्हणाली.

"जिवंत होता तेव्हा तरी कुठं बोलू दिलं त्यानं?"

चाइयुन साठीची होती आणि त्यातली पंचेचाळीस वर्षं तिचे हात थंड पाण्यात गेले होते. लिहायच्या कुंचल्याचा जीव त्याच्या झुपक्यात, आणि तो झुपका बायकाच पाण्यात जुळवतात. एकेक केस डोळ्यांखालून घालायचा, उलटा असला तर उपटायचा, टोक तुटलेला आंधळा केस फेकून द्यायचा. हिवाळ्यात बोटांच्या भेगा मिटत नाहीत. एवढं झालं की पुरुष दांडीच्या नळीवर नाव कोरणार आणि कुंचला दुकानाचा होणार. बाईचं नाव कुठंच नाही.

ती नावं पुरवायचे मिनगुरुजी. सरकारी परीक्षेत तीनदा आपटलेला हा गृहस्थ, पण जुन्या पोथ्यांमधले कुंचल्याचे शब्द त्याला तोंडपाठ. कुठं 'केसांची आरी', कुठं 'नळीनगरचा सरदार', कुठं 'शाईत न्हालेला पंडित'. तांदळाच्या दारूचा एक घडा पोचला की दुकानदाराला एक नाव मिळायचं. सरळ कुंचला म्हणायला यांच्या जिभेला फोड येत होते.

तीस वर्षांपूर्वी चाइयुन सात वर्षांच्या यिनमेईला घेऊन त्यांच्या शाळेत गेली होती. हातात स्वतः जुळवलेला कुंचला होता. अख्खा हिवाळा चोरून राखलेले केस होते त्यात.

"गुरुजी, पोरीला चार अक्षरं शिकवा. ही दक्षिणा."

गुरुजींनी कुंचला उलटसुलट पाहिला. नळीवर काहीच कोरलेलं नव्हतं.

"याचं नाव काय?"

"नाव कुठलं गुरुजी? कुंचला आहे."

"ज्याला नाव नाही तो कुंचला नव्हे, घासणी!" ते सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले. तिच्यादेखत त्यांनी तो झुपका शाईच्या दगडावर खसाखसा घासला, दगड धुतला आणि मोलकरणीला हाक मारली. "ही मोरीत ठेव. आणि चाइयुन, पोरीला पाण्यात बसव. तुमची अक्षरं तीच."

यिनमेई पाण्यात बसली. पुढं गाव तिला 'घासणीवाली' म्हणू लागलं. चाइयुननं एक गोष्ट मनाशी धरली. हा शब्द मिनांच्या घरात परत नेऊन टाकायचा. गुरुजी मेले आणि ते राहूनच गेलं, असं तिला वाटलं.

तिसऱ्या दिवशी गुरुजींचा मुलगा देशौ दारात आला. अंगावर सुतकाचं जाडंभरडं पांढरं कापड.

"चाइयुनमावशी, उद्या वडिलांच्या नावाच्या पाटीवर ठिपका द्यायचा आहे. वेनसाहेब देणार आहेत. ते म्हणतात, झुपका तुमचाच हवा."

त्या पाटीवरच्या शेवटच्या अक्षराचा एक ठिपका राखून ठेवतात. मानाचा माणूस तो लाल शाईनं देतो, तोवर मेलेल्याचा जीव पाटीत उतरत नाही, बाहेर भटकत राहतो. केस फाकून ठिपका ओघळला तर घराण्याची सात पिढ्या नाचक्की. निवृत्त न्यायाधीश वेनसाहेब चाइयुनच्या झुपक्याशिवाय साधी चिठ्ठीही लिहीत नसत.

"देईन," चाइयुन म्हणाली. "पैसे नकोत. नळीवर मी सांगेन ते कोरायचं, आणि साहेबांनी ते चारचौघांत वाचायचं."

"काय कोरायचं?"

"घासणी."

देशौचा चेहरा उतरला. "मावशी, मेलेल्याशी कसलं वैर?"

"मग भटकू दे त्याला."

देशौनं मान डोलावली. चाइयुननं रात्रंदिवस एक करून झुपका जुळवला. आयुष्यात इतका सुंदर झुपका तिच्या हातून उतरला नव्हता. देशौनं कोरून आणलेल्या नळीत तो बसवायला मात्र तिनं राळ निम्मीच लावली. मिनांच्या रक्ताचा तिला भरवसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी अंगणात सगळं गाव जमलं. वेनसाहेबांनी कुंचला उचलला, नळी डोळ्यांजवळ नेली आणि वाचलं, "नळीनगरचा शुभ्र सरदार. वा! गुरुजींना शोभेल असंच."

चाइयुन उठून उभी राहिली. "हे ठरलं नव्हतं."

"मावशी, तुम्हाला वाचता येतं का?" देशौनं विचारलं. दोनचार जण फिदीफिदी हसले.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. संतापाचं होतं ते.

"नाही येत. का येत नाही ते तुझ्या बापाला विचार."

ती पुढं गेली, साहेबांच्या हातातला कुंचला घेतला, एक पीळ दिला आणि झुपका मुठीत काढून घेतला. रिकामी नळी देशौच्या अंगावर टाकली.

"घे तुझा सरदार. दे त्यानं ठिपका."

वेनसाहेब लाल शाईकडं बघत होते. ती वाळत चालली होती. "देशौ, मुहूर्त टळतोय. हिला शब्द दिला होतास?"

"हो."

"मग पाळ."

देशौ गुडघ्यांवर बसला. "ही... घासणी आहे."

"मोठ्यानं," चाइयुन म्हणाली. "तुझा बाप मोठ्यानं म्हणाला होता."

"घासणी!"

तिनं झुपका परत नळीत बसवला. वेनसाहेबांनी ठिपका दिला. गोल, भरीव, कुठं एक केस फाकला नाही.

विधी संपल्यावर ती कुंचला उचलून घरी घेऊन आली. कुणी अडवलं नाही. यिनमेई परातीसमोर बसली होती.

"घे. तुझा आहे. मिनांच्या पोरानं गुडघे टेकून सांगितलं याचं नाव."

यिनमेईनं हात पुसले. कुंचला घेतला, टोकाला बोट लावलं, नळीवरची अक्षरं चाचपली.

"छान झालाय, आई," ती म्हणाली. "पण मी काय करू याचं? मला लिहिता कुठं येतं?"

चाइयुननं बाह्या वर केल्या आणि हात पाण्यात घातले.