चंद्रीचं दुखणं आणि रखडलेला ब्लाउज

चंद्रीवर कोणीतरी विषप्रयोग केला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. शंका होती ती फक्त कोणी केला याची. गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्या शिंप्याच्या घरी कोंबडी, यावरून म्हैसूरची आमची अख्खी गल्ली मला हसत होती. खाटकाच्या सायकलवरून उडी मारून ती थेट माझ्या मशिनखाली शिरली होती. शरण आलेल्याला घालवायचं कसं? आता मात्र ती दाण्याला शिवत नव्हती. मान वाकडी करून कोपऱ्यात बसायची, गळ्याखाली लिंबाएवढी गाठ. बायकोनेही जेवण सोडलं. मी प्रत्येक शेजाऱ्याच्या अंगणातले तांदूळ हुंगत फिरत होतो.

एकादशीला देवळातल्या विठोबाचा पिवळा अंगरखा शिवायचं काम आमच्या घराकडे. त्यापायी गिऱ्हाइकांचे कपडे रखडले होते. कृष्णराजनगरच्या एका बाईंना तर ब्लाउजसाठी मी पुन्हापुन्हा "उद्या या" सांगितलं होतं. त्या आल्या त्या भांडायच्या तयारीनेच. पण ब्लाउज राहिला बाजूला, त्या चंद्रीकडेच बघत राहिल्या.

"अण्णा, वजन किती हिचं?"

मी चंद्रीला पाठीमागे घेतलं. "विकायची नाही."

"अय्यो, मागतंय कोण? आमच्या घरी कोंबड्याच आहेत. तेल आणा. माझा ब्लाउज काही आजही होत नाही."

माझ्याआधी बायकोने तेल आणलं. बाईंनी चार थेंब चोचीत सोडले, गाठ बोटांनी हळूहळू चोळली, मग चंद्रीची मान खाली करून धरली. मी विठ्ठलाचं नाव घेत होतो, पण एक डोळा बाईंच्या पिशवीवर होता. अखेर चोचीतून ओला गोळा पडला. पिवळ्या दोऱ्यांचा.

"शिंप्याची कोंबडी," बाई म्हणाल्या, "दोराच खाणार."

देवाच्या वस्त्राचे उरलेले दोरे केरात टाकायचे नाहीत, तुळशीच्या बुंध्याशी ठेवायचे, ही आमची रीत. मीच ठेवले होते, नमस्कार करून.

बाईंना समोर बसवून ब्लाउज पुरा केला. संध्याकाळी चंद्रीने मऊ भात टिपला आणि बायको पानावर बसली. मी मात्र विचारात पडलो. दोरा त्याचा. त्याच्याच कामापायी ब्लाउज रखडला, आणि रखडला म्हणून बाई नेमक्या वेळी दारात आल्या. गल्लीवरचा संशय मी मागे घेतला. आता तो एकावरच आहे, आणि तो कमरेवर हात ठेवून काहीच कबूल करत नाही. मीही विचारत नाही. अंगरखा चढवताना "तुझं तू बघ" एवढंच म्हणतो, डोळे पुसतो, आणि उरलेले दोरे तुळशीत ठेवतो. हल्ली जरा खोल पुरून.