मागच्या सीटवरची झोप

ड्रायव्हरकाकांना कुणी गाडीतलं काही सांगायला गेलं की ते आपल्या कानाला बोट लावून दाखवायचे. तीस वर्षं बस चालवली, एक ओरखडा नाही. गाडीला काय होतंय ते म्हणे आधी त्यांच्या कानाला कळतं. सुंभ जळाला तरी पीळ जातोय कुठला!

निवृत्तीनंतर उरली अठरा वर्षांची जुनी मोटार आणि एकच प्रवासी. काकूंची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, जायला तास, यायला तास. काकू मागच्या सीटवर उशीला टेकून बसायच्या आणि तिथून गाडी त्याच चालवायच्या. "अहो, खड्डा. अहो, डावीकडे घ्या. झोपलात की काय?" काका कुरकुरायचे, पण त्यांचा रस्ता त्या बडबडीवरच सरायचा.

थंडीच्या तोंडावर गाडी चढावर दम टाकू लागली आणि आत नासक्या अंड्यांसारखा वास यायला लागला. गॅरेजवाली गाडीखाली शिरली. ही काकांच्या जुन्या सहकाऱ्याची मुलगी, बोलायला सरळसोट.

"काका, धुराच्या नळीतले दोन्ही कन्व्हर्टर गेलेत. धुरातलं विष मारायचं ते त्यांनीच. पुढचा तुंबलाय, म्हणून धूर जोडातून बाहेर पडतोय, आणि मागच्या सीटखालचा पत्रा गंजून फाटलाय. नवे टाकू या. तोवर काकूंना यात बसवू नका."

"अगं, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला? इंजिन ऐक की, कसं खणखणीत आहे."

"विषाला आवाज नसतो, काका."

कालची पोर आपल्याला शिकवते, हे काकांना झोंबलं. "उन्हाळ्यात बघू," म्हणाले आणि गाडी काढली. वाटेत लिंबाच्या वासाची एक कुपी घेऊन आरशाला टांगली. काकूंना गारठा सोसत नाही म्हणून काचा घट्ट लावल्या. झाली दुरुस्ती!

आणि खरंच, गाडीत काकूंना छान झोप लागायला लागली. निघाल्यावर दहा मिनिटांत मान कलायची. "बघा, बिचारीला विश्रांती मिळते," काका शेजाऱ्यापाजाऱ्यांना कौतुकाने सांगायचे. आता मला सांगा, चाळीस वर्षं न थांबलेली बाई एकदम गप्प होते आणि नवऱ्याला त्याचा आनंद होतो, या माणसाला काय म्हणावं? पोचल्यावर काकूंचं डोकं दुखायचं, ते आजारपणाच्या माथी मारलं. काकांचंही दुखायचं, ते वयाच्या.

एकदा गाडीचं चाक बसलं म्हणून शेजाऱ्याने आपल्या गाडीतून त्यांना सोडलं. काकू वाटभर टक्क जाग्या होत्या आणि शेजाऱ्यालाही गाडी शिकवून आल्या. काका हसले. तरीही त्यांच्या डोक्यात उजेड पडला नाही.

मग एका सकाळी रस्ता तुंबला. तासभर गाडी जागच्या जागी घुरघुरत राहिली. अखेर रस्ता मोकळा झाला, पण काकांचे डोळे जड झाले होते आणि हॉस्पिटलचं वळण मागे पडलं. मागून "अहो" आलं नाही. पुढचं वळणही गेलं.

"अगं, वळण चुकलं माझं," काका म्हणाले. काकू काहीच बोलल्या नाहीत.

तेव्हा मात्र काकांनी आरशातून मागे पाहिलं. ब्रेक दाबला, दारं उघडली, बगलेत हात घालून काकूंना ओढत फूटपाथवर आणलं. देह नुसता लोळागोळा. ते त्यांचे गाल थोपटत राहिले, नावाने हाका मारत राहिले. लोक जमले, कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलावली. बऱ्याच वेळाने काकूंना उलटी झाली आणि डोळे किलकिले झाले.

"ही झोप नव्हती हो," त्या अडखळत म्हणाल्या. "महिनाभर अशीच ग्लानी येतेय. मला वाटलं, माझं आता संपत आलं. तुम्ही एवढे खूश होतात, म्हटलं, यांना कशाला सांगायचं?"

काकांनी त्यांचा हात आपल्या हातात घट्ट धरला. न सांगता भागलं असतं, पण त्यांना ते जमेना.

"धूर होता तो. गॅरेजवालीने सांगितलं होतं मला. तुला यात बसवू नका म्हणाली होती. पहिल्याच दिवशी."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या हातातला आपला हात हळूच काढून घेतला.