काकांचं लाल पॅकेज

तिचा दिवस पहाटे पाचला सुरू होई. घर झोपलेलं असतानाच ती टेबलापाशी बसून, रात्रभर यंत्रांनी काय केलं ते बघून घेई.

काम समजायला सोपं, करायला किचकट. एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे, कुणा एकाच्या मालकीची नाही. जगभरच्या लोकांनी मिळून घडवलेली, कुणीही फुकट घ्यावी अशी. तिच्यात हजारो लहानमोठे प्रोग्रॅम, त्यांना पॅकेज म्हणतात. नवी आवृत्ती निघण्याआधी प्रत्येक पॅकेज मुळापासून पुन्हा बांधून बघतात. यंत्र कोरी करकरीत जागा घेतं, पॅकेजनं मागितलं तेवढंच सामान आत ठेवतं, बांधतं, चाचण्या घेतं. जमलं तर हिरवी खूण, नाही तर लाल. लाल का झालं, ते मात्र माणसानं शोधायचं. तो माणूस म्हणजे ही.

आधी ती कारखान्यात खोकी भरायची. आई म्हणे, "तेव्हाही पॅकिंग, आताही पॅकिंग. पाठ तेवढी वाचली."

ती वाचवली काकांनी. हे काका नात्यातले नव्हेत. उमेदीची वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात घालवलेला, दूरच्या गावी एकटा राहणारा माणूस. अंध मुलांच्या शाळांना ब्रेल छापता यावं म्हणून त्यांनी एक छोटं पॅकेज लिहिलं होतं. कारखान्याची पाळी संपवून हिने त्यांना पहिला प्रश्न पाठवला तो असा, की दुसरा कुणी हसला असता. काकांनी पानभर उत्तर दिलं. मग हिचे प्रश्न थांबले नाहीत आणि त्यांची उत्तरंही. चूक ते ओळीवर बोट ठेवून दाखवत, पण दुरुस्त करून कधी देत नसत. "हात तुझे दुखू देत," म्हणत. त्या शिकवणीवरच तिला हे पगारी काम मिळालं. बदल्यात काकांनी काही मागितलं नाही.

एका सकाळी काकांचंच पॅकेज लाल दिसलं, एक चाचणी नापास. तिने पुन्हा चालवलं, हिरवं झालं. दुसऱ्या दिवशी परत लाल. या कामात एक वाईट खोड असते: हिरवं येईपर्यंत चालवत राहायचं आणि आलं की हात झटकायचे. तिला ते पटेना. शुक्रवारपर्यंत भरवसा बसला नाही, तर पॅकेज नव्या आवृत्तीतून गळणार होतं. शाळांचे संगणक नव्या आवृत्तीवर गेले की ब्रेल छापणं बंद.

टीमच्या प्रमुखाला सगळे मुकादम म्हणत. त्याचा फोन आला.

"अगं, ती एक चाचणी बंद करून टाक. लगेच हिरवं होईल."

"आणि शाळेत अर्धवट पान छापून आलं तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तुम्ही डोळ्यांनी बघाल. त्या पोरांना बोटांनी बघायचंय."

"शुक्रवार," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

तिने काकांना फोनवर गाठलं.

"माझ्याकडे तर एकदाही बिघडत नाही, पोरी."

"काका, हे वाक्य तुम्ही मला कधी बोलू दिलं नाहीत."

काका खोकत हसले. "घे, काढ उट्टं. पण शोध आधी."

ती कामाला लागली. पॅकेज पुन्हा पुन्हा बांधलं. एका वेळी एकच काम करायला लावलं की यंत्र दरवेळी हिरवं देई. त्याचे सगळे हात एकदम निरनिराळ्या कामांना लावले की मधूनच लाल. मग उलगडा झाला. एक काम ठिपक्यांचा तक्ता बनवायचं, दुसरं तो वाचायचं. दुसऱ्यानं पहिल्यासाठी थांबावं, असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. गिलावा व्हायच्या आत रंगाऱ्यानं ब्रश लावावा, तसला प्रकार.

"काका, तुमच्या संगणकाला कोअर किती? म्हणजे कामाला हात किती?"

"एकच. म्हातारा आहे, माझ्यासारखा. सगळं रांगेनं करतो."

"म्हणून तुम्हाला दिसलं नाही."

दुरुस्ती एका ओळीची. तिने लिहिली, काकांनी तपासली आणि तीतही एक चूक काढली. ती तिने सुधारली. मग गुरुवारचा अख्खा दिवस पॅकेज बांधत ठेवलं, सगळे हात लावून. एकदाही लाल आलं नाही. मुकादमानं ते आवृत्तीत घेतलं आणि म्हणाला, "चाचणी बंद केली नाहीस ते बरं केलंस, बाई."

पगारातून ती कपडे धुण्याच्या मशीनसाठी बाजूला टाकत होती. त्या पैशांतून काकांना एक वस्तू पाठवू का, असं तिने आईला विचारलं.

"इतकी वर्षं हातानं धुतलेत," आई म्हणाली, "अजून वर्षभर धुईन. त्या माणसानं तुझी पाठ वाचवली. दे पाठवून."

खोकं काकांच्या दारात आलं तेव्हा त्यांनी फोन केला. "हे परत कसं करायचं?"

"करता येत नाही. तारा जोडा आधी."

मशीनच्या त्या पैशांतून आला तो आठ कोअरचा संगणक. त्यावर काकांनी पहिलं आपलंच पॅकेज बांधलं, आठही हात एकदम लावून.