पुढची सीट

गोलकीपरने घाबरायचं ते पेनल्टीला. मी घाबरायचो बसला.

गोव्यातल्या पार्से गावचा माणूस आखातातल्या एका कंपनीच्या संघात खेळतो, म्हणून गावात माझं भारी कौतुक चालायचं. कागदावर मी कारकून, पगार मात्र गोल राखण्याचा. संघातली जागा गेली की व्हिसा गेला, आणि पुढच्या विमानाने घर. अशा माणसाला गाडी लागते, हे मी तिथे कोणालाच कळू दिलं नव्हतं.

गोवा राज्य झालं त्या वर्षीची ही गोष्ट. घरून येणाऱ्या पत्रांत भाऊ आणि काका कोकणी-मराठीच्या वादावरून एकमेकांशी कसे बोलेनासे झालेत, याच्याच बातम्या. मला त्यांत लक्ष घालायला सवड नव्हती. दर दुसऱ्या आठवड्याला परगावी सामना, चार-पाच तासांची बस, निम्मा रस्ता बोडक्या डोंगरांतून वळणावळणाचा. मी शेवटच्या बाकावर रुमाल तोंडाशी धरून झोपेचं सोंग घ्यायचो. उतरलो की एका चेंडूचे दोन दिसायचे. लागोपाठ दोन सामन्यांत मी असे गोल खाल्ले, की शेतात खेळणाऱ्या पोरांनीही हसावं. आमचा प्रशिक्षक इजिप्तचा, कडक गृहस्थ. तो काही बोलला नाही, पण राखीव गोलकीपरचा सराव जास्त वेळ घेऊ लागला. न बोलता राग धरणारा माणूस मला कधीच सोसलेला नाही.

आमच्याकडे दूरच्या वाटेला लागणाऱ्याला उपाशी सोडत नाहीत. आईने निघताना बजावलं होतं, "पेज जेवल्याबगर गाडयेर चडूं नाका." मी ते इमानेइतबारे पाळत होतो. प्रत्येक प्रवासाआधी खोलीवर उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला खारा बांगडा, पोट टम्म होईपर्यंत. आईचं ऐकल्याने बाधेल कसं?

बसचा ड्रायव्हर सावंतवाडीकडचा. त्याने आधी कित्येक वर्षं डिचोलीत खाणीचा ट्रक चालवला होता. एका थांब्यावर मी बसच्या आडोशाला ओकत असताना त्याने मला गाठलं.

"अरे मेल्या, काय खावन इलंस?"

मी सांगितलं.

"पेज आणि बांगडो? घाटात? ट्रकार नवो माणूस इलो की आमी तेका सुको पाव देतव नि फुडे काचेपाशी बसयतव. वळण इला की तेना आरडान सांगाचा. माणूस कामात असलो की पोट गप रवता."

उपाय सोपा होता, अडचण सीटची होती. पुढे एकच सीट, आणि तिच्यावर प्रशिक्षक बसायचा. कप्तानालाही तो तिथे बसू देत नसे. सीट मागायची तर कारण सांगावं लागणार, आणि बसमध्ये ओकणारा गोलकीपर कोण ठेवून घेईल? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

पुढच्या सामन्याच्या सकाळी मी पेज शिजवलीच नाही. मनातल्या मनात आईची माफी मागितली, कोरडा पाव खाल्ला आणि सगळ्यांच्या आधी बसपाशी जाऊन उभा राहिलो. प्रशिक्षक आला तसं माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत एका दमात सगळं सांगून टाकलं. वर म्हणालो, "पुढे बसू द्या, नाहीतर आजच घरी पाठवा." हे शेवटचं वाक्य रागाच्या भरात तोंडातून गेलं आणि माझी मलाच धडकी भरली.

ड्रायव्हर उगाचच काच पुसू लागला.

"मी तिथे का बसतो असं तुला वाटतं?" प्रशिक्षकाने हळूच विचारलं आणि खिशातून अर्धं सुकलेलं लिंबू काढून दाखवलं. "हुंगत बसतो, वाटभर. जाताना तू बस, खेळायचं तुला आहे. येताना मी."

मी रस्ताभर वळणं ओरडत गेलो. डावं, उजवं, समोरून टँकर. पोट गप राहिलं. मागे वळून पाहायची मात्र हिंमत झाली नाही.

मैदानापाशी सगळे उतरले आणि सर्वांत शेवटी प्रशिक्षक उतरला, तोंड पांढरंफटक, शर्ट पुढून भिजलेला. आधार द्यायला मी हात पुढे केला, तर त्याने तो बाजूला सारला.

"हात सांभाळ," तो म्हणाला, "ते आज मला तिकडे हवे आहेत."

त्या दिवशी मी एकही गोल होऊ दिला नाही. होऊ देणं शक्यच नव्हतं.