हजेरीतलं नाव

जोतीराम सोंगाड्या माणसांना हसवायचा कसा, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. आणि मी तर त्याच्या फडात तुणतुणं धरून वर्षानुवर्षं त्याच्या पाठीशी उभा होतो. अंगानं काटकुळा, आवाज फाटका. पण नुसता उभा राहिला तरी लोक गालात हसायला लागायचे. मलकापूरचा गडी. वग लिहायचा तोच, त्यातलं सोंग आणायचा तोच, आणि खेळाची पुकार द्यायचाही तोच. फडाचा मालक म्हणायचा, "ह्याला नाचाया आलं असतं तर आमा सगळ्यांस्नी घरीच बसवलं असतं ह्यानं."

पण त्याचं खरं राज्य हजेरीत. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं फड पुन्हा उभा राहायचा, ती हजेरी. तिच्यात जोतीराम गावातल्या माणसांची नावं घेऊन थट्टा करायचा. नाव घेतलं म्हणून कुणी रुसायचं नाही. राहिलं तर मात्र पाटीलसुद्धा गाल फुगवायचा. नेम एकच होता. मेलेल्या माणसाची थट्टा करायची नाही.

कोरेगावजवळच्या एका गावात बनुबाई नावाची विधवा होती. तिचा एकुलता एक मुलगा कृष्णात खाण्यात वस्ताद. जोतीराम दर साली विचारायचा, "बनुबाई, कृष्णात जेवून उठला का, का बसलाच हाय अजून?" आणि बायकांतून बनुबाई ठसक्यात ओरडायची, "तुज्या बापाचं खातोय व्हय रं?" गाव हसून लोळायचं.

मग कृष्णात लढाईवर गेला. लढाई संपली, आसपासचे शिपाई परत आले, ह्याचा पत्ता नाही. सरकारकडून कळलं ते एवढंच, की बेपत्ता आहे. शेहेचाळीसच्या जत्रेत पाटलानं जोतीरामाला बाजूला घेतलं.

"गड्या, त्या घराचं नाव घिऊ नगंस. म्हातारीला सोसायचं न्हाई."

जोतीरामानं ऐकलं. सगळं गाव घेतलं, तेवढं घर वगळलं. हजेरी आटपत आली आणि बनुबाई बायकांतून उठून उभी राहिली.

"जोतीरामा, माज्या पोराचं नाव ऱ्हायलं की रं."

ढोलकीवाल्याचा हात जागच्या जागी थांबला. थट्टा करावी आणि पोरगा खरंच गेलेला असला तर ते पाप. न करावी तर भर गावात त्याला मेला ठरवल्यासारखं. मी असतो तर तुणतुणं टाकून पळालो असतो. जोतीरामानं पटका सारखा केला आणि तिच्याकडं बघून डोळे वटारले.

"नाव कशाला घिऊ? सरकार म्हंतंय, घावत न्हाई. आवं, घावंल कसा? पलटणीच्या भटारखान्यात लपून बसला असंल! सायेब हाका मारतोय आन ह्यो म्हंतोय, थांबा, एवढी भाकरी संपू द्या!"

कुणी हसलं नाही. मग बनुबाईच हसली. पदर तोंडाला, डोळ्यांना धारा. "तुज्या बापाचं खातोय व्हय रं?" ती ओरडली, आणि गाव हसलं, रडलंही. त्या दिवसापासून मी जोतीरामाला मानलं. तोवर नुसता हसत होतो.

पुढं दर साली तो कृष्णातला जेवायला बसवायचा आणि म्हातारी उत्तर द्यायची. जोतीरामाचं नाव झालं, पुण्याच्या थेटरातून बोलावणी आली. पण त्या गावची जत्रा सोडायची म्हटलं तर तो कुणाचंच ऐकायचा नाही. मालक चरफडायचा. चरफडेना का!

एकोणपन्नास साली हजेरीआधी आम्ही तोंडं रंगवत बसलो होतो, तेव्हा बनुबाई आली. भाकऱ्यांची दुरडी तिनं जोतीरामापुढं ठेवली.

"यंदा त्याचं नाव घिऊ नगंस, लेकरा," ती म्हणाली. "लय जेवलं माजं पोर. आता उठू दे त्याला."

जोतीराम अर्ध्या रंगलेल्या तोंडानं तिच्या पाया पडला. मला काही ते बघवलं नाही.

हजेरीत त्यानं सगळं गाव घेतलं, तेवढं नाव सोडलं. ह्या खेपेला बायकांतून कुणी उठलं नाही.