काचेवरची पेन्सिल

उन्हाळ्यातल्या दुपारी डोळे मिटले तरी आतला उजेड विझत नाही. पापण्यांआड तो तांबूस होऊन रेंगाळतो, कूस बदलली की सोबत कूस बदलतो. मोबाइल उशाशी पालथा ठेवला आहे. त्याच्या पडद्यावर अजून ती बाई असणार, आणि तिच्या पायथ्याशी त्या दोन चौकटी : मान्य, अमान्य. मी आडवी झाले आहे ती झोपेसाठी नव्हे; त्या चौकटींकडे पाठ करता यावी म्हणून.

मिरजेतल्या एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या काचेच्या निगेटिव्ह आता संगणकावर उतरल्या आहेत. आम्ही काही स्वयंसेवक आपापल्या घरी बसून त्यांतल्या निनावी माणसांना त्यांची नावे परत मिळवून देतो. आधी यंत्र चेहरे जुळवते. मग दोन माणसांनी ते वेगवेगळे पाहायचे आणि दोघांचे मत जुळले तरच नाव द्यायचे, असा आमचा रिवाज. या बाईबद्दल यंत्राला शंका नाही. ही तारळेकर आजोबांची आई. ती गेली तेव्हा आजोबा रांगत होते. घरात तिचे छायाचित्र नाही. आहे ते थोरल्या बहिणीचे, नवरीच्या वेषातले, त्याच स्टुडिओत काढलेले. बहिणीच्या चेहऱ्यावरून यंत्राने आई शोधली. आजोबांची दृष्टी काचबिंदूने कडेकडेने विझत चालली आहे. त्यांचा फोन येतो, आणि प्रश्न एकच असतो : "बाई, आई सापडली का? डोळ्यांत उजेड आहे तोवर बघा."

दुसरे मत शैलाताईंचे असायचे. डॉ. शैला मंगळवेढेकर, आयुष्यभर एक्स-रे वाचलेल्या, निवृत्तीनंतर या कामात आलेल्या. फाल्गुनात त्या गेल्या. ही काच त्यांनी निर्णय न देताच बाजूला ठेवली होती. का, ते कुणाला सांगितले नाही. काल संयोजकाने कळवले, की त्यांच्या जुन्या निर्णयांवरून यंत्र त्यांची पारख शिकले आहे, काम अडायला नको. त्यांच्या रिकाम्या रकान्यात आता अक्षरे आहेत : 'संभाव्य मत : मान्य.' उरला तो माझा अंगठा.

पंखा घरघरतो. घरघर जड होते, भिंतीत शिरते, भिंत थंडगार लोखंडाची होते.

"श्वास रोखून धरा," कुणीतरी म्हणते.

मी धरते. अंधारात काहीतरी खट् करून सरकते. छातीत हवा ताटकळत राहते.

"अगं सोड आता. फोटो केव्हाच निघाला."

दिव्याच्या पांढऱ्या पेटीसमोर शैलाताई उभ्या आहेत. नेहमीचाच चष्मा, नेहमीसारखाच कपाळावर चढवलेला. पेटीवर छातीचे पिंजरे टांगले आहेत, आणि त्यांच्या मधोमध ती काच. तिच्यातल्या बाईचे केस पांढरे आहेत, चेहरा काळा, डोळ्यांच्या जागी दोन लहान दिवे.

"तुम्ही इथे कशा?" मी विचारते आणि विचारताना ओशाळते.

"मला काय विचारतेस? तू बोलावलंस. बरं, ते राहू दे. माझ्या नावाने कुणी मान्य म्हणून ठेवलंय म्हणे?"

"यंत्र म्हणतं, तुम्ही असतात तर हेच म्हणाला असतात."

"अस्सं!" त्या हसतात. "आमच्या ह्यांना पंचेचाळीस वर्षांत मी एकदाही इतक्या झटपट मान्य म्हटलं नाही. आणि मेल्यावर इतकी समजूतदार झाले होय?"

मला हसू येत नाही. "ताई, आजोबांचे डोळे जाताहेत. मी हो म्हटलं तर संध्याकाळपर्यंत त्यांच्या हातात आई असेल."

"मग म्हण की. अडवलंय कुणी?"

"तुम्ही ही काच का बाजूला ठेवली होती?"

त्या पेटीचा दिवा मालवतात आणि दार उघडतात.

बाहेर इस्पितळाचा व्हरांडा आहे. बाकावर बायका बसल्या आहेत. नऊवारीतल्या, शालू नेसलेल्या, एक ओलेत्या केसांची, एक पोट सांभाळत बसलेली. नंबर लागण्याची वाट पाहणाऱ्या माणसांसारख्या त्या समोर पाहतात. व्हरांड्याच्या टोकाला तळे आहे. जवळ गेल्यावर कळते, की ते कापडावर रंगवलेले आहे. तळे, त्यात हंस, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. वर छपराच्या काचांतून सावली नसलेला उजेड खाली पडतो आहे. आम्ही स्टुडिओत आहोत. केव्हापासून, ते कळत नाही.

उतरत्या मेजाशी एक माणूस पाठमोरा बसला आहे. त्याच्या हातातल्या पेन्सिलीचे टोक सुईसारखे लांब. एकेक बाई उठते, त्याच्यापुढे जाते, हनुवटी उचलते. तो तिच्या चेहऱ्यावर बारीक रेघा मारतो, अगदी हळुवार, झोपलेल्या मुलाचा घाम टिपावा तसा. ती वळते तेव्हा तिचे गाल तुळतुळीत झालेले असतात, हनुवटी गोल, भुवयांखाली तीच मऊ सावली. दुसरी उठते. तीही तशीच वळते. तिसरी. पोट सांभाळणारी. ओलेत्या केसांची.

"हा कोण?"

"रिटचर. त्या काळी प्रत्येक स्टुडिओत असायचा. सुरकुत्या, डाग, थकवा, सगळं काचेवर पेन्सिल फिरवून घालवायचा. प्रत्येकाचा हात वेगळा. ह्याच्या हाताला सुंदर बाई म्हणजे एकच बाई ठाऊक होती."

मुंडावळ्या बांधलेली एक मुलगी माझ्या शेजारून जाते. तारळेकरांची थोरली बहीण. तिचा फोटो मी इतक्यांदा पाहिला आहे. तिच्यामागून पडद्यावरची बाई येते. दोघी शेजारी उभ्या राहतात. तोच गाल, तीच हनुवटी, भुवयांखाली तीच सावली. मायलेकी.

"म्हणजे यंत्र चुकलं."

"त्याला नावं ठेवू नकोस. त्यानं अगदी बरोबर ओळखलं," शैलाताई म्हणतात. "फक्त बाईला नाही. पेन्सिलीला."

"पण तरीही ती त्यांची आई असू शकते."

"असू शकते."

"नसली तरी त्यांना कधी कळणार आहे? शेवटचं बघायचं तर काहीतरी बघू देत." माझा आवाज चढला आहे. बाकावरच्या बायका माझ्याकडे वळून पाहतात, सगळ्या एकाच चेहऱ्याने.

"दे मग. पण जिला देशील, ती कुणाचीतरी असेलच ना? उद्या तिचं माणूस शोधत आलं, तर त्याला काय सांगशील? तुमची आई आम्ही दुसऱ्यांना दिली?"

मी मागे सरते. पाठ तळ्याला टेकते आणि भिजते. रंगवलेले पाणी ओले आहे. हंस हलतात. मेजाशी बसलेला माणूस मान न वळवता हात पुढे करतो. आता माझी पाळी. पेन्सिलीचे गार टोक माझ्या हनुवटीला लागते आणि मला जाणवते, की मी पुसली जाते आहे. दुखत नाही. उलट बरे वाटते. त्या बरे वाटण्याचीच मला भीती वाटते.

"ताई!"

त्यांनी माझे मनगट धरले आहे. आम्ही पुन्हा त्या पांढऱ्या पेटीपाशी आहोत, पण पेटी पायऱ्यांवर ठेवलेली आहे आणि पाणी तिच्या वायरीपर्यंत चढले आहे. काच त्या माझ्या हातात देतात.

"अंगठा ओला कर आणि पूस."

"हातमोजे नाहीत. या चित्राच्या बाजूला तर बोटही लावायचं नाही, तुम्हीच शिकवलंत."

"साठवणीच्या पेटीतल्या खऱ्या काचेला लावू नकोस. तिला नुसता बाजूने तिरपा उजेड दाखवायचा, रेघा आपोआप चकाकतात. मी तेच सांगणार होते, राहून गेलं. ही काच वेगळी. हिला तुझ्याशिवाय कुणी नाही."

"तुम्ही पुसा ना."

"माझ्या बोटाला आता ओल नाही गं."

हे त्या इतक्या सहज म्हणतात, की मला रडूही येत नाही. मी अंगठा जिभेला लावते. काचेवर टेकवते. ग्रॅफाइटची चव तोंडात येते, ती कशी, ते कळत नाही. करडा थर सरकतो. गालावर एक खळगा उघडा पडतो. मग दुसरा. मग कितीतरी, पहिल्या थेंबांनी धुळीवर खळगे पडावेत तसे देवीचे व्रण. त्यांच्यावरून नाकाकडे जाणारी एक दमलेली रेघ. हनुवटी गोल नाहीच. टोकदार आहे, हट्टी. कुणाची आहे, मला माहीत नाही. पण कुणाचीतरी आहे.

"दिसतेय?" शैलाताई विचारतात. त्यांचा आवाज पाण्यापलीकडून येतो.

"अजून डोळे राहिलेत."

"श्वास रोखून धर."

मी धरते. अंगठा डोळ्यांवर नेते.

फोन वाजतो.

छपराच्या काचा पंखा होतात. पाठीखालची चादर घामाने ओली आहे. मी मोबाइल उलटा करते, तारळेकर आजोबा.

"बाई, सापडली का?"

तोंडाशी हो आलेले आहे. ते म्हटले की सगळे शांत होईल. आजोबा, मी, रकाना.

"नाही, आजोबा. एक बाई सापडली आहे, पण तिच्या चेहऱ्यावर कुणीतरी पेन्सिल फिरवली आहे. मूळ काच पेटीतून बाहेर काढायला सांगते. तिरप्या उजेडात बघू."

ते म्हणतात, "म्हणजे आणखी वेळ लागणार."

"हो."

"मला तोवर दिसेल का, ते डॉक्टरही सांगत नाहीत."

"मी तिथं स्वतः जाते. काच निघाली की तुम्हाला घेऊनच बघू."

"आणि ती नसली तर?"

"तर ज्यांची असेल, त्यांना सांगू."

ते खोकतात, की हसतात. "बघा बाई. माझीच बघा. दुसऱ्याची नको," म्हणतात आणि फोन ठेवतात.

पडद्यावर पुन्हा ती तुळतुळीत बाई येते. संयोजकाला मी दोन ओळी लिहिते : काच बाहेर काढावी, आणि शैलाताईंचा रकाना रिकामा करावा, त्यांचे मत आलेले नाही. मग 'अमान्य'वर अंगठा दाबते. चौकट मिटते. अंगठा उचलते तर खाली करडा डाग.

घरात पेन्सिल नाही. वर्षानुवर्षे नाही. मी मोबाइल खिडकीशी नेते, उन्हात तिरपा धरते. काचेवर माझ्या अंगठ्याचा ठसा चकाकतो, जुनी भाजल्याची चीर आणि वेड्यावाकड्या रेषांसकट. त्यावर कुणाचाही हात फिरलेला नाही.