तळ्यातला झेंडा

परदेशी पुस्तकांतली तळी मोठी असायची. एका काठावरून दुसरा काठ दिसायचा नाही, बोटीतून शास्त्रज्ञ हिंडायचे आणि बाहेरून आलेल्या एखाद्या शिंपल्याने कसा उच्छाद मांडलाय यावर पानंच्या पानं लिहायचे. माझ्या वाट्याला आलेलं तळं बाळकुमच्या पुढे होतं. शेंगदाण्याच्या दोन पुड्या संपेपर्यंत त्याला चक्कर मारून व्हायची. बोटीऐवजी थर्माकोलचा तराफा होता. उच्छादात मात्र आम्ही कुठेही कमी नव्हतो.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी डोंबिवलीला राहायचे आणि ठाण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्रात डॉक्टरेटसाठी काम करायचे. तळ्यात जलपर्णी पसरल्यावर तिथल्या पक्ष्यांचं काय झालं, हा माझा विषय. तळ्यांचं शहर म्हणून मिरवायची ठाण्याला भारी हौस. त्याच तळ्यांत निर्माल्य टाकायचं, गाद्यांचा कापूस टाकायचा, घरातले फुटके देव टाकायचे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

आमच्या तळ्यात पूर्वी पांढरी पोयणी, म्हणजे छोटी पाणकमळं, फुलायची. मग कुणीतरी शोभेसाठी हौदात लावलेली जलपर्णी हौद धुताना तळ्यात फेकली असणार. जांभळी फुलं, फुगीर देठ, दिसायला देखणी. बघता बघता तिने पोयणीचा गळा घोटला. माशांचीही तीच कथा. कुणीतरी चिलापी आणून सोडली आणि तिने बाकीच्यांची पिल्लं फस्त केली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते मी तळ्यात रोज बघत होते.

तराफा होता एका कोळणीचा. ती आणि तिचा नवरा तळ्यात जाळी टाकायचे. मी तिला मावशी म्हणायचे. सकाळी मला बघितलं की ती काठावरूनच ओरडायची, "काय गो, आज पन पाखरा बगाला आलीस? लगीन कवा करनार?" मग स्वतःच हसायची आणि बांबूने तराफा ढकलायची. जलपर्णीवर तिचा माझ्याहून जास्त राग. जाळं तिच्यात अडकून फाटायचं, आणि फाटलेल्या जाळ्यात चिलापीशिवाय काही यायचं नाही. "यो केंदाल कवा जाल तवा मी नारल फोडीन," असं ती जलपर्णीकडे बोट दाखवून नेहमी म्हणायची. तिचं काहीच चुकत नव्हतं.

माझा जीव अडकला होता कमळपक्ष्यात. पायाची बोटं इतकी लांब की पाण्यावरच्या पानांवरून तो अंगणात फिरल्यासारखा फिरतो. पावसाळ्यात शेपटी लांब होते, मानेवर सोनेरी पट्टा येतो आणि आवाज थेट मांजराचा. मावशी त्याला मांजरपाखरू म्हणायची. मादी पानांवर चार अंडी घालते आणि दुसरा नर शोधायला निघून जाते. अंडी उबवायची, पिल्लं सांभाळायची, सगळं बापाने. हे मी मावशीला सांगितलं तेव्हा तिने बांबू बाजूला ठेवला. "बरा हाय! आमच्या दादल्याला आन जरा इकडं. बगू दे त्याला."

पोयणी गेली तसे कमळपक्षीही गेले. एक जोडी तेवढी उरली होती. त्या वर्षी तिने घरटं केलं ते कोपऱ्यातल्या जलपर्णीवर. भोवऱ्याच्या आकाराची, तांब्यासारखी चकाकणारी चार अंडी. ज्या वनस्पतीने घर घेतलं, तिच्याच पाठीवर कमळपक्ष्याने बिऱ्हाड मांडलं होतं. संपूर्ण कामात मला सापडलेली खरी गोष्ट ती एवढीच, आणि तिचा मला अभिमान होता. अजूनही आहे.

सरांना ती अजिबात आवडली नाही. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. इस्त्रीचा बुशशर्ट, शुद्ध मराठी, तळ्यात पाय न भिजवता तळ्यावर तासभर बोलायची हातोटी. "अगं, परकी वनस्पती वाईट, ती काढली पाहिजे, एवढं सरळ लिही. मध्येच हे घरटं कुठून आणलंस?" मी म्हटलं, मी आणलं नाही सर, पक्ष्याने आणलं. ते हसले नाहीत. मी लिहिलं होतं की जलपर्णी काढावीच, पण दिवाळीनंतर, पिल्लं उडाल्यावर. थोडी थोडी काढावी आणि मोकळ्या पाण्यात पोयणीचे कंद पुन्हा लावावेत. सरांनी त्यातलं 'जलपर्णी काढावी' एवढं ठेवलं. बाकीचं त्यांना फाफटपसारा वाटला.

तेवढंच वाक्य घेऊन ते शहर स्वच्छ करायला निघालेल्या पुढाऱ्यांकडे गेले. तळं साफ करायचं ठरलं, आणि ते गणपतीच्या आत. आमच्याकडे वर्षभर तळं कुणाचंच नसतं, विसर्जन जवळ आलं की सगळ्यांचं होतं. त्याच दिवसांत कमळपक्षी अंड्यांवर बसलेला असतो, याची पंचांगात नोंद नाही.

मी सरांच्या टेबलासमोर उभी राहून विनवण्या केल्या. अक्षरशः केल्या, हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले.

"सर, अंडी फुटायला अजून दोन-तीन आठवडे लागतील."

"एका घरट्यासाठी गणपती थांबणार आहेत का?"

"मग तो एक कोपरा तरी सोडा. दोरी बांधू या भोवती. मी स्वतः उभी राहते तिथे."

सरांनी चष्मा काढून पुसला. ते मोठेपणा दाखवायच्या आधी नेहमी चष्मा पुसायचे. "ठीक आहे. कोपरा सोडायला लावतो. खूण मी करून घेतो, तू निश्चिंत राहा. आणि हो, तू डोंबिवलीची ना? कल्याण तुला जवळ. सफाईच्या दिवशी सकाळी तिथल्या फूलबाजारातून उद्घाटनाच्या पाहुण्यांसाठी हार घेऊन ये."

"शिपायाला पाठवलं तर नाही का चालणार, सर?"

"शिपायाला हारांतलं काय कळतंय? त्याला बायकांचीच नजर हवी."

तीन वर्षं चिखलात उभी राहून माझी नजर तयार झाली होती ती हारांसाठी, हे मला त्या दिवशी समजलं. रागाने कान तापले होते. तरी मी हो म्हटलं. कोपरा सुटतोय ना, मग हार तर हार.

त्या सकाळी कल्याणच्या बाजारात मी ओल्या गोणपाटांवरून चालत झेंडूचे आणि निशिगंधाचे हार निवडले. केळीच्या पानात बांधलेलं ते ओझं छातीशी धरून बाळकुमला पोचले तेव्हा कर्ण्यातून देशभक्तीची गाणी चालू होती. काठावर जलपर्णीचे हिरवे ढीग रचले होते. गणपती मंडळाची पोरं गुडघाभर पाण्यात होती. तळ्याचा मोठा भाग अजून हिरवाच होता. मला बरं वाटलं, उशीर झालेला नव्हता. मग मी कोपऱ्याकडे बघितलं.

तिथे बांबूवर भगवा झेंडा फडकत होता, बांबूला फुलांची माळ होती आणि भोवती काळंभोर, स्वच्छ, उघडं पाणी होतं.

ती सरांची खूण. लाल फडकं मिळेना म्हणून त्यांनी मंडळाकडूनच झेंडा मागून घेतला आणि घरट्याच्या शेजारी रोवायला लावला. का, ते कुणाला सांगितलं नाही. झेंडा दिसतोच की, सांगायचं काय त्यात! आता आमच्या तळ्यांवरची रीत अशी, की विसर्जनाआधी पाणी कुठे पुरेसं खोल आहे ते बघून तिथे माळ घातलेला झेंडा रोवतात. मूर्ती तिथे न्यायची. मंडळाच्या पोरांनी झेंडा बघितला, कुणीतरी त्याला माळ घातली, बाप्पाचा जयजयकार केला आणि साफसफाईला तिथूनच सुरुवात केली. मनापासून, एकही पान न ठेवता. बाळकुमच्या शेंबड्या पोरालाही त्या झेंड्याचा अर्थ माहीत होता. सर तिथे कधी विसर्जनाला गेले नव्हते.

मावशी खुशीत होती. खरंच नारळ फोडून तिने खोबरं वाटायला घेतलं होतं. माझ्या हातावर तुकडा ठेवत म्हणाली, "बाप्पाची जागा म्हनून पयला तोच कोपरा काढला गो. कसा चकचकीत केलाय, बग!"

"मावशी, मांजरपाखरू?"

तिचा हात थांबला. तिला तेव्हा आठवलं. "होता," ती म्हणाली. "वरडत होता. पोरा हसत होती, मांजर वरडते म्हनून. मना वाटला, उडून जाल." मग तिने विचारलं, "अंडी होती काय गो?"

मी हार तिथेच खाली टाकले आणि ढीग उपसायला लागले. मुळांचा काळा चिखल कोपरापर्यंत आला. एक पोरगा म्हणाला, "काय पडलं, मॅडम? सोन्याचं काही?" मी हो म्हटलं. तर तो बिचारा माझ्याबरोबर शोधायला लागला. एका अंड्याचं कवच मिळालं, आतला जीव चिखलाला लागलेला. मी रडले. लाज न बाळगता, सगळ्यांसमोर रडले. कर्ण्यातलं गाणं चालूच होतं.

कमळपक्षी दुपारी परत आला. पाण्यावर पान नव्हतं, म्हणून तो काठावरच्या ढिगावर उतरला आणि वाळत चाललेल्या पानांवरून लांब बोटं टाकत हिंडत राहिला. पुढचे काही दिवस तो येत होता. मग तो ढीग ट्रकने उचलून नेला.

सरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "वाईट झालं. पण एका दृष्टीने बरं झालं बघ. सफाईच्या आधीचं आणि नंतरचं, दोन्ही तुझ्या हाती आलं. तुलनेला याहून उत्तम काय?"

त्या तुलनेवर मला डॉक्टरेट मिळाली. जलपर्णी काही महिन्यांतच पुन्हा तळंभर झाली, मावशीची जाळी पुन्हा फाटू लागली. कमळपक्षी आले नाहीत.

पुढे नव्वदच्या दशकात सर निवृत्त झाले. विभागातून शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला, सरांचा सत्कार आहे, तुम्ही डोंबिवलीच्या, तर हार कल्याणहून तुम्हीच आणाल का? मी आणला. सत्कारात सरांच्या तळं वाचवण्याच्या कामाचं भरभरून कौतुक झालं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं, मी नको म्हटलं. हार घालताना मात्र राहवलं नाही. त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "सर, चार अंडी होती."

सरांनी हार नीट केला. माझ्याकडे प्रेमाने बघितलं, आठवायचा प्रयत्न केला. त्यात कसलंही ढोंग नव्हतं, मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते.

"कसली गं अंडी?" त्यांनी विचारलं.